ओलं लाकूड आणि ‘ओबडधोबड’ चेहरे: चेरोकी मुखवट्यांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. मी ओलं लाकूड कोरायला सांगितलं म्हणून तुमचा मुखवटा नाकालगत उभा चिरला, त्यापेक्षा मुरलेलं सागवान बरं, हा पहिला. चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी समाजाच्या बूगर नाचात, म्हणजे परक्यांची टिंगल करणाऱ्या नाचात, घालायच्या ओबडधोबड मुखवट्यांत कारागिरी कसली, हा दुसरा.

सागवान नको. नॉर्थ कॅरोलायनातल्या क्वाला बाउंड्रीत, म्हणजे ईस्टर्न चेरोकींच्या भूमीत, मुखवट्याला बकआय झाडाचं हलकं लाकूड पसंत करतात. वाळल्यावर त्याचं वजन घनमीटरला साधारण ४०० किलो, सागवानाचं ६५०च्या घरात. हा ऐवज तोंडावर बांधून नाचायचं असतं! शिवाय सागवानातली सिलिका पटाशीची धार खाते. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर बासवुड हे तसंच हलकं लाकूड घ्या.

आता तडा. तुम्हीच लिहिलंय की मागची बाजू सपाट ठेवली होती. घोळ तिथेच आहे. बकआय सुकताना गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या दुपटीहून जास्त घेराच्या दिशेने आकसतं. मधला भाग जाड आणि गाभा आतच राहिला, तर ती ओढ जिरायला वाव नसतो, लाकूड फाटतं. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा फोडायचा, चेहरा सालीच्या अंगाला काढायचा आणि गाभ्याचं अंग वाकसाने (आडव्या पात्याच्या तासणीने), मग वाकड्या पात्याच्या सुरीने कोरून काढायचं. ओलं असतानाच भिंत सगळीकडे दीड-दोन सेंटीमीटरवर आणा. नाकामागे पोकळी करायला बहुतेक जण कंटाळतात आणि चीर नेमकी तिथूनच निघते. कपाळ आणि हनुवटीकडे लाकडाच्या आडव्या कापलेल्या तंतूंची तोंडं उघडी पडतात, तिथून पाणी झपाट्याने उडतं. तिथे मेण चोळा. मग कागदी पिशवीत ठेवून सुकवा. प्लास्टिकमध्ये नको, बुरशीचे करडे डाग पडतात आणि ते खरवडूनही जात नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी वजन करा; ते घटायचं थांबलं की डोळे, ओठ आणि बांधायची भोकं.

दुसऱ्या आक्षेपावर थोडक्यात. याच समाजातल्या अमांडा क्रो यांनी १९५३ पासून चेरोकी हायस्कुलात कोरीवकाम शिकवलं. त्यांची अस्वलं पाहा, हात फिरवावा इतकी गुळगुळीत. म्हणजे सफाई येत नव्हती असं नाही. बूगर म्हणजे न बोलावता घरात घुसणारे, पोरींच्या मागे लागणारे, भांडण उकरून काढणारे परके. फुगलेलं कपाळ, वेडंवाकडं नाक, गोऱ्या माणसासाठी चिकटवलेली केसाळ मिशी: ही टिंगल आहे. बिग कोव्ह या चेरोकी वस्तीतले विल वेस्ट लाँग असे मुखवटे कोरत, तेव्हा कुरूपपणा मोजूनमापून येत असे. काही ठिकाणी तर लाकूडही नसे. दुधी भोपळ्याचा लांब देठ नाक म्हणून पुढे यायचा. त्याची अश्लीलता प्रेक्षकांना बरोबर कळायची.

जत्रेत विकायचा म्हणता, तर त्यावर ‘चेरोकी’ अशी चिठ्ठी लावू नका. अमेरिकेत १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने तो गुन्हा ठरतो.