आराखडा हवामान-सक्षम कसा करावा (मोरीला हात न लावता)

विकास आराखडा तुमच्याकडे आहेच, मागच्या वेळचा. नवा लिहायच्या फंदात पडू नका. फाइल उघडा आणि जिथे जिथे 'शाश्वत' असेल तिथे 'हवामान-सक्षम' करून टाका. संगणक हे काम दोन सेकंदांत करतो. हवामान-सक्षम रस्ते, हवामान-सक्षम शेती, हवामान-सक्षम प्रशासन. फक्त छपाईआधी एकदा नजर फिरवा. एका मसुद्यात याच पद्धतीने 'शाश्वत सत्य'चं 'हवामान-सक्षम सत्य' झालेलं मी पाहिलं आहे. त्यावर तिघांच्या सह्याही होत्या.

शब्दावरून थोडा घोळ होईल. 'हवामान-सक्षम'मागच्या मूळ इंग्रजी 'रेझिलियन्स'ला कोणी लवचिकता म्हणेल, कोणी प्रतिरोधक्षमता, कोणी सक्षमता. खरा शब्द 'चिवटपणा' आहे: फटका बसला तरी पुन्हा उठून कामाला लागणं. पण तो फाइलीत चालत नाही. चिवट माणसं कार्यालयात कोणाला आवडतात?

मग समिती नेमा. अध्यक्षपद पर्यावरण खात्याला द्या, मोठ्या मनाने द्या. हे खातं स्वतः रस्ते, धरणं, घरं, वीजकेंद्रं यांतलं काहीच बांधत नाही, आणि बांधणाऱ्यांना बदल करायला लावण्याइतकं वजनही त्याला नसतं. अर्थ खात्याला विसरू नका, पण 'विशेष निमंत्रित' म्हणून. म्हणजे तिथून एक कनिष्ठ अधिकारी येईल, चहा घेईल, "वरिष्ठांना कळवतो" म्हणेल आणि जाईल. तिजोरीची किल्ली आणि हवामानाची चिंता एकाच खोलीत फार वेळ राहू देऊ नये. कधी काय होईल सांगता येत नाही.

प्रस्तावनेला मजकूर कमी पडायचा नाही. २०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनला राष्ट्रीय अनुकूलन (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं) आराखड्यांची प्रक्रिया ठरली, २०१५ च्या पॅरिस करारात सातवं कलम सगळं अनुकूलनालाच दिलं गेलं, त्याच वर्षी जपानमधल्या सेंदाईला आपत्तींची जोखीम कमी करण्याचा पंधरा वर्षांचा आराखडा स्वीकारला गेला. तिन्हींचा उल्लेख पहिल्याच पानावर करा. वाचणारा दमतो आणि पुढच्या पानावर जात नाही.

आता मोरी. सगळी गडबड इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुमचा आराखडा कितीही उंचावर लिहिलेला असो, शेवटी तो रस्त्याखालच्या एका पाइपापर्यंत येतो. ओढ्यावर रस्ता आहे, रस्त्याखाली मोरी आहे आणि एक तरुण अभियंता विचारतो, "साहेब, पाइप किती व्यासाचा टाकू?" हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचता कामा नये. त्याने तक्ता बघावा. तक्त्यात पावसाची जुनी आकडेवारी आहे, त्यावरून ९०० मिलिमीटर येतं, विषय संपला. त्याने जर म्हटलं, की १२०० चा टाकला तर तेवढ्याच उतारावर पूर्ण भरून वाहताना दुपटीहून जास्त पाणी जाईल आणि खर्च काही दुप्पट होणार नाही, तर समजा की हा मुलगा वाचतो. त्याला प्रशिक्षणाला पाठवा. हवामान-सक्षमतेच्याच पाठवा, म्हणजे दोन महिने त्रास नाही.

त्या तक्त्याचं रक्षण तुम्हाला प्राणपणाने करायचं आहे. त्याच्या मुळाशी एक सुंदर श्रद्धा आहे: पूर्वी जसा पाऊस पडला तसाच पुढेही पडेल. २००८ मध्ये काही जलतज्ज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात ही धारणा मेली असं छापून टाकलं. छापू द्या. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. पण ते विज्ञान विभागाचं आहे आणि तक्ता बांधकाम विभागाचा. दोन विभागांतला पत्रव्यवहार रीतसर मार्गाने व्हायला हवा. तोवर तापमान थांबेल अशी आशा ठेवा.

तक्त्यालगतची दुसरी ढाल म्हणजे 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. वाक्य ऐकलं की माणसाला वाटतं, आला होता ना परवा, आता निवांत, नातवंडं बघतील. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी घरात येण्याची शक्यता सव्वीस टक्के निघते, म्हणजे चारातलं एक घर. आणि हे हिशेब जुन्या पावसाचे. हे गणित कोणाला समजावून सांगू नका. 'अभूतपूर्व' हा शब्द हाताशी ठेवा. एकाच ठिकाणी दहा वर्षांत तीनदा अभूतपूर्व पाऊस झाला तरी हा शब्द झिजत नाही.

एवढ्यावरही कोणी मोठ्या पाइपाचा आग्रह धरलाच, तर त्याला अर्थशास्त्राकडे सोडा. खर्च-लाभाच्या तक्त्यात 'वटाव दर' नावाचा एक रकाना असतो. भविष्यातलं नुकसान आज किती मानायचं, हे तो ठरवतो. दर दहा टक्के धरा: पन्नास वर्षांनी होणारं शंभर कोटींचं नुकसान आजच्या कागदावर पंच्याऐंशी लाखांचं उरतं. आख्खं गाव वाहून गेलं तरी चालेल असा हिशेब, आणि एकही आकडा खोटा नाही. हवामान बदलाच्या अर्थकारणावर ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये अहवाल दिला तेव्हा हा दर सुमारे १.४ टक्के धरला होता. त्या दराने तेच नुकसान जवळपास पन्नास कोटी भरतं. त्यांच्यावर अर्थतज्ज्ञ तुटून पडले ते काही उगाच नाही. नातवंडांची किंमत इतकी वाढवून ठेवली तर आज कोणी काही बांधायचं की नाही?

वाईट संगतीपासून जपा. नेदरलँड्सला अभ्यास दौरा जरूर काढा, पण शिकून येऊ नका. १९५३ च्या समुद्रपुरात त्यांची १,८३६ माणसं गेली, तेव्हापासून हा देश पाण्याच्या बाबतीत अतिच गंभीर झाला आहे. त्यांनी कायदा करून पाण्यासाठी वेगळा निधी ठेवला आणि त्यावर एक आयुक्त बसवला. म्हणजे सरकार बदललं तरी पैसा जागचा हलत नाही. ही कसली लोकशाही? शिवाय बंधारे फक्त उंच करत राहण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे सरकवून नदीलाच जागा करून दिली. ओव्हरडीपच्या सखल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी तर आपणहून सुचवलं, की घरं-गोठे मातीच्या उंच टेकाडांवर बांधू, बाकीच्या जमिनीवर पूर येऊ द्या. लाभार्थीच योजना आखायला लागले तर सल्लागारांनी जायचं कुठे?

बांगलादेशचं नाव तर मुळीच काढू नका. श्रीमंत देशांचं उदाहरण निघालं की "आपल्याकडे तेवढा पैसा कुठे" म्हणता येतं. इथे ती पळवाट बंद होते. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर स्वयंसेवकांची साखळी, निवारे, किनाऱ्यावरचे बांध, भोंगे घेऊन दारोदार सांगत जाणारी माणसं असं वर्षानुवर्षं चाललं. २०२० मध्ये 'अंफन' आलं तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते आणि तिथले मृत्यू काही डझनांवर थांबले. नुकसान झालंच, शेतात खारं पाणी शिरलं, बांध फुटले. पण माणसं वाचली. अशी गोष्ट सभेत निघाली तर वातावरण बिघडतं.

तुम्हाला शोभेल अशी गोष्ट म्हणजे भिंत. उंच, काँक्रीटची, उद्घाटनाला फीत बांधता येईल अशी. भिंत झाली की तिच्यामागे लोकांना सुरक्षित वाटतं, जमिनीचे भाव चढतात, वस्ती वाढते, आणि पाणी भिंतीवरून येतं तेव्हा आधीपेक्षा जास्त घरं बुडतात. गिल्बर्ट व्हाइट हे अमेरिकी भूगोलतज्ज्ञ १९४० च्या दशकापासून हेच सांगत होते. त्यांना मान मिळाला, बांधकामं भिंतवाल्यांना.

आणि देखभाल? तिला फीत नसते. गाळ काढणं, झडपा तपासणं, तडे बुजवणं, यांचं कोनशिलेवर नाव कोरता येत नाही. म्हणून कपात करायची वेळ आली की आधी याच लेखाशीर्षावर हात ठेवायचा. लिबियातल्या डेर्नाच्या वरच्या अंगाला सत्तरच्या दशकात बांधलेली दोन धरणं होती. २०१२ आणि २०१३ साठी दुरुस्तीचे पैसे मंजूर झाले होते, काम झालं नाही. हे लेखापरीक्षणात नोंदलेलं होतं. २०२२ मध्ये एका जलतज्ज्ञाने शोधनिबंध लिहून धोका सांगितला. सप्टेंबर २०२३ मध्ये 'डॅनियल' वादळाच्या रात्री दोन्ही धरणं फुटली आणि शहराचा मोठा तुकडा हजारो माणसांसकट समुद्रात गेला. कागदपत्रं बघा: मंजुरी आहे, आक्षेप आहे, इशारा आहे. फाइल पूर्ण आहे.

निधीचं फार मनावर घेऊ नका. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कबूल केलं, की २०२० पासून विकसनशील देशांना हवामानासाठी दर वर्षी शंभर अब्ज डॉलर देऊ. ते प्रथम पूर्ण झालं २०२२ मध्ये. त्या वर्षी ११५.९ अब्ज जमले, त्यांतले अनुकूलनासाठी ३२.४ अब्ज. तुम्हीही उशीर केलात तर आंतरराष्ट्रीय परंपरेतच बसता. दरम्यान तुमच्या अंदाजपत्रकात 'हवामान-संबंधित' खर्चाची खूण करायला सुरुवात करा. नेपाळने २०१२ च्या सुमाराला ही पद्धत आणली ती खर्चाचा माग लागावा म्हणून. तुम्ही तिचा उपयोग व्यापक करा: रस्त्याच्या कडेला चार झाडं धरली की अख्खा रस्ता खुणेत येतो.

निर्देशक मात्र हवेतच. २०२३ च्या दुबईतल्या हवामान परिषदेनंतर तज्ज्ञ अनुकूलन मोजायला बसले तेव्हा नऊ हजारांवर निर्देशक गोळा झाले. चाळता चाळता शंभर झाले आणि २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला ५९ स्वीकारले गेले. तुम्ही त्यांतले 'किती कार्यशाळा घेतल्या' या जातीचे निवडा. मोरी तुंबली का, हे मोजायला कोणीतरी पावसात तिथे जावं लागतं.

आता एवढं करूनही ती मोरी एखाद्या रात्री वाहून जाणार. रस्ता तुटेल, पलीकडच्या वस्तीतलं कोणी दवाखान्यापर्यंत पोहोचणार नाही, तुम्ही पाहणीला जाल, चिखलात उभे राहाल, फोटो निघेल. परत आल्यावर आपत्ती निधीतून काम काढा आणि टिप्पणीवर एकच शब्द लिहा: 'पूर्ववत'. नियमही बहुतेक तेच म्हणतात, होतं तसं करून द्यावं. पाइप तेवढा तपासून घ्या, ९०० चाच असू द्या. १२०० चा टाकलात तर ती दुरुस्ती राहत नाही, नवीन काम होतं. आणि नवीन कामाला हवामान-सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, ते द्यायची समिती गेल्या वर्षापासून बसलेली नाही.