‘इंटरनेटला जोडलेलंच नाही, मग हॅक कसं होणार?’ या दाव्याला उत्तर

सायबर हल्ल्याची बातमी आली की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: अणुवीज केंद्रं, वीजपुरवठा, बंदरं या यंत्रणा इंटरनेटपासून वेगळ्या असतात, म्हणून त्या हॅक होऊच शकत नाहीत. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तरी प्लांटला धक्का लागत नाही. आणि आपल्याकडची यंत्रं इतकी जुनी आहेत की हॅकरला ती उमगणारच नाहीत. इंजिनिअर मंडळीही हा मेसेज बिनदिक्कत पुढे पाठवतात, म्हणून त्याचा एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

पहिला मुद्दा, इंटरनेट नाही म्हणजे वाट नाही. इराणमधल्या नतान्झचा युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना असाच वेगळा ठेवलेला होता. तरीही 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, तिथल्या सीमेन्सच्या पीएलसीपर्यंत, म्हणजे सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी, वेगाने फिरणारी यंत्रं) चालवणाऱ्या नियंत्रकांपर्यंत पोहोचला. पेन ड्राइव्ह हा त्याच्या पसरण्याचा एक प्रमुख मार्ग होता. विंडोजमध्ये शॉर्टकटचं आयकन दाखवण्याच्या पद्धतीत एक भोक होतं. ड्राइव्ह लावून नुसतं फोल्डर उघडलं, एकाही फाइलवर क्लिक केलं नाही, तरी कोड चालू व्हायचा. सुरुवातीला लागण झाली ती इराणमधल्या पाच संस्थांना. तिथून तो पुढे सरकला. आत गेल्यावर त्याने सेंट्रिफ्यूजचा फिरण्याचा वेग कधी प्रमाणाबाहेर चढवला, कधी पार खाली आणला.

प्लांटमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा: पीएलसीचा प्रोग्राम बदलायला इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येतो, तोच लॅपटॉप काल दुसऱ्या साइटवर होता. रिपोर्ट काढायला पेन ड्राइव्ह लागतो. मशीन पुरवणाऱ्या कंपनीला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून मोडेम दिलेला असतो. नकाशावर यंत्रणा वेगळी दिसते, रोजच्या कामात ती तशी राहत नाही.

दुसरा मुद्दा, ऑफिसातल्या व्हायरसने प्लांटला धक्का लागत नाही, सगळ्यात धोकादायक, कारण तो अर्धा खरा आहे. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राचंच बघा. 29 ऑक्टोबर 2019 रोजी प्रकल्पाने सांगितलं की नियंत्रण यंत्रणा स्वतंत्र आहे, तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी ते चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने मान्य केलं की मालवेअर सापडलं होतं, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 4 सप्टेंबरलाच कळवलं होतं, पण लागण प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका पीसीला होती. अणुभट्टीला काही झालं नाही, हे खरंच. पण प्रशासकीय पीसीवर काय असतं? कर्मचाऱ्यांचे ईमेल, पुरवठादारांशी पत्रव्यवहार, पासवर्ड. पुढच्या हल्ल्याची शिदोरी इथूनच मिळते.

युक्रेनमध्ये नेमकं हेच घडलं. वीज वितरण कंपन्यांच्या ऑफिसात वर्डची फाइल जोडलेले ईमेल आले, कुणीतरी त्यातलं मॅक्रो (फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्राम) चालू केलं. हल्लेखोर कित्येक महिने आत बसून राहिले, पासवर्ड गोळा केले आणि कर्मचाऱ्यांच्याच व्हीपीएनवरून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) नियंत्रण कक्षात शिरले. 23 डिसेंबर 2015 च्या दुपारी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउस आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा स्विच) उघडत गेला. तीन कंपन्यांचे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले.

आपल्या न्हावा-शेवालाही हे चुकलेलं नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प केलं. क्रेनला कुणी हात लावला नव्हता. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, हे सांगणारे कॉम्प्युटरच बंद पडले. याची सुरुवात युक्रेनमधल्या एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. त्याने वापरलेल्या विंडोजच्या एका त्रुटीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता. पण पॅच टाकलेली मशीनही वाचली नाहीत, कारण तो शेजारच्या मशीनवरून चोरलेल्या पासवर्डनेही घुसत होता.

जुन्या यंत्रांचा मुद्दा थोडक्यात संपतो. जुन्या औद्योगिक प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या नियमांमध्ये) आदेश कोण देतंय याची ओळखच तपासली जात नाही, आणि त्यांची माहितीपत्रकं कुणालाही मिळतात. युक्रेनमध्ये जुनेपणा एकाच बाबतीत कामी आला: सबस्टेशनवर माणसं पाठवून ब्रेकर हाताने लावता आले आणि काही तासांत वीज परतली.

एक गोष्ट हा मेसेज खोडून काढणाऱ्या आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगायची आहे. 12 ऑक्टोबर 2020 ची मुंबईतली बत्ती गुल हा सायबर हल्लाच होता, असं छातीठोकपणे लिहू नका. राज्याने घातपाताचा संशय व्यक्त केला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. नतान्झ, युक्रेन, न्हावा-शेवा एवढे पुरावे समोर असताना कच्च्या उदाहरणाची गरज नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने (डेटा लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर) लॉक झाले आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. संसदेत सरकारने दिलेलं कारण होतं, नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, म्हणजे त्याचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते. म्हणून ‘आमचं वेगळं आहे’ असं कुणी म्हणालं की त्यांना विचारा: हे शेवटचं कुणी आणि कधी तपासलं? पुरवठादाराचं व्हीपीएन खातं कुणाच्या नावावर आहे? बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करून कधी पाहिलीत?