पुण्यात 1935 साली 1.7 अंश होतं, म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही

हिवाळा जरा मऊ गेला की एक मजकूर मोबाइलवर नव्याने फिरायला लागतो. 2024-25 च्या हिवाळ्यात तो हवामानाची आवड असलेल्या बहुतेकांपर्यंत पोचला असेल. थोडक्यात तो असा:

‘थंडी कमी पडली की म्हणणार हवामान बदल, कडाका पडला तरी म्हणणार हवामान बदल. पुण्यात 17 जानेवारी 1935 ला 1.7 अंश होतं, मुंबईत 22 जानेवारी 1962 ला 7.4. चढउतार पूर्वापार आहेत. ज्यांना परवाचा पाऊस सांगता येत नाही ते 2100 सालचं सांगतात. आकडे वाढतात ते शहरातल्या सिमेंटमुळे. कार्बन डायऑक्साइड हवेत आहेच किती, 0.04 टक्के. सगळा सूर्याचा खेळ. आणि थंडी कमी झाली तर बिघडलं कुठे?’

नीचांकाचे दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणूनच बाकीचा मजकूरही खरा वाटतो. पण ते दोन पहाटेंचे आकडे आहेत. त्यांवरून हवामान ठरवायचं तर उलट बाजूचेही मिळतील, आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने अजून एक भक्कम मी देतो: 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तापमानवाढ चालू असतानाच. कारण सरासरी वर सरकली म्हणून उत्तरेकडून येणारी कोरडी, गार हवा यायची थांबत नाही. स्वच्छ आकाश, शांत वारा आणि कोरडी जमीन जुळून आली की पहाट गोठणारच.

प्रश्न सरासरीचा आहे आणि तिचं उत्तर नोंदींत आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये काढलेल्या अहवालानुसार (पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो तयार केला, हे मला महत्त्वाचं वाटतं) 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढलं. हवामान विभागाच्या नोंदींत 2024 हे 1901 पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जानेवारी 2025 हा तिसऱ्या क्रमांकाचा उष्ण जानेवारी. त्यापुढचा फेब्रुवारी तर सगळ्यांत उष्ण: देशाचं सरासरी तापमान 22.04 अंश, नेहमीच्या सरासरीपेक्षा 1.34 ने जास्त. संपूर्ण देशाची, संपूर्ण महिन्याची सरासरी सव्वा अंशाहून अधिक वर जाणं ही साधी गोष्ट नाही.

त्यात ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा थंड होण्याची अवस्था. ‘ला निना येतेय, यंदा हाडं गोठणार’ असे अंदाज ऑक्टोबरपासून सांगितले जात होते. ती उशिरा आली आणि दुबळी आली. पण आली तेव्हा प्रशांत महासागराचा मधला आणि पूर्वेकडचा पट्टा थंडच होता, आणि अशा वेळी जगाची सरासरी थोडी खाली यायला हवी. प्रत्यक्षात जानेवारी 2025 हा जगाच्या नोंदींतला सर्वांत उष्ण जानेवारी निघाला. चढउतारांचं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चढउतार आहेतच, पण उतारसुद्धा आता जुन्या चढांपेक्षा उंचावर होत आहेत.

आता एक गोष्ट मजकूरवाल्याची मान्य करायला हवी. प्रत्येक उबदार आठवडा हवामान बदलाच्या खात्यावर टाकायची सवय आपल्याकडे बोकाळली आहे आणि ती चुकीची आहे. डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातली थंडी एकदम गायब झाली, त्याचं कारण समोर होतं. ‘फेंगल’ चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले. सोबत बाष्प आलं, ढग आले, उत्तरेचे वारे अडले. 4 डिसेंबरला मुंबईत सांताक्रूझला कमाल 37.3 अंश. ढग सरले, वारे फिरले आणि 9 तारखेला तिथेच किमान 13.7. पाच दिवसांतली ही उलथापालथ वाऱ्यांची होती. ती दाखवून ‘बघा, तापमानवाढ’ म्हणणारा आणि 1935 दाखवून ‘बघा, नाहीच’ म्हणणारा, दोघांचीही चूक एकच आहे. फरक इतकाच की पहिल्याचा निष्कर्ष इतर पुराव्यांनी खरा ठरतो, दुसऱ्याचा ठरत नाही.

परवाचा पाऊस आणि 2100 साल. पुण्यात येत्या 12 जुलैला पाऊस पडेल का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण जुलैत एप्रिलपेक्षा जास्त पडेल यावर शेतकरी पेरणी लावतो. पहिला प्रश्न आजच्या वातावरणाच्या बारीकसारीक स्थितीवर अवलंबून असतो आणि मोजमापातली लहानशी चूक दोन आठवड्यांत सगळा अंदाज खाऊन टाकते. दुसरा प्रश्न पृथ्वीवर किती ऊर्जा येते आणि किती परत जाते याचा आहे. हवामानशास्त्रज्ञ स्यूकुरो मानाबे यांनी 1967 मध्ये रिचर्ड वेदरल्ड यांच्यासोबत हा हिशेब मांडला: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर खालची हवा किती तापेल. त्या दिशेच्या कामासाठी मानाबेंना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सिमेंटचा मुद्दा मजकुरातला सर्वांत चांगला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. शहर तापतं हे खरंच. एकाच पहाटे शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात चार-पाच अंशांचा फरक पुणेकरांना नवा नाही. गच्चीच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला खेटून लावलेल्या हौशी यंत्राचे आकडे तर विचारूच नका. म्हणूनच वेधशाळेत तापमान कसं घेतात ते एकदा जाऊन बघावं. मोकळ्या गवतावर, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांची पांढरी लाकडी पेटी असते. दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. आत आडवा ठेवलेला किमान तापमापक. त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलात बुडालेली एक बारीक दांडी. गारठा वाढला की अल्कोहोल आकसतं आणि दांडीला मागे ओढतं. दिवस तापला की अल्कोहोल पुढे जातं, दांडी जागेवरच राहते. सकाळी साडेआठला तिच्या टोकाशी रात्रीचा नीचांक वाचायचा आणि तापमापक तिरपा करून ती पुन्हा जागेवर आणायची. शंभरहून अधिक वर्षांच्या नोंदी अशा मेहनतीने जमल्या आहेत.

तरीही पेटीभोवती शहर वाढलं तर? ही शंका कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही होती. नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभारून जगभरातल्या नोंदी नव्याने तपासल्या, शहरांपासून दूरची केंद्रं वेगळी काढून पाहिली. वाढ तेवढीच निघाली. 2012 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळपास पूर्ण माणसामुळे आहे. शिवाय समुद्रावर सिमेंट नाही. वर सांगितलेल्याच अहवालानुसार 1951 ते 2015 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी सुमारे 1 अंशाने तापला.

0.04 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोरड्या हवेतले 99 टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून निघणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ती बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेनसारखे वायू. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी हे 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या सुमारे 15 ऐवजी उणे 18 अंशांच्या आसपास असतं. ढगाळ रात्री थंडी का पडत नाही हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वरून परत येणारी उष्णता तिथे आपण अंगावर अनुभवतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून गेल्या 8 लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात साधारण 300 च्या वर गेल्याचं दिसत नाही. कारखानदारीपूर्वी ते 280 होतं, आज 420 च्या पुढे आहे.

सूर्याचं उत्तर सोपं आहे. 1978 पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजत आहेत आणि तिच्यात वाढ नाही. त्याहून पक्का पुरावा आकाशात आहे: सूर्य तापवत असता तर खालपासून वरपर्यंत सगळंच वातावरण तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, स्थितांबर, गार होतोय. मानाबेंच्या हिशेबात नेमकं हेच होतं, ते मोजलं जाण्याच्या कितीतरी आधी.

राहिलं ‘बिघडलं कुठे’. हे वाचून मला खरोखर राग येतो. निफाडचा द्राक्षवाला कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकतात म्हणून. त्याला थंडी कमी असलेली चालेल. पण गहू आणि हरभऱ्याला गार रात्री लागतात, हापूसला मोहोर नीट फुटायला लागतात. दाणा भरायच्या वेळी ऊन चढलं की गहू घाईने पिकतो आणि दाणा बारीक राहतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. उत्तरेत गव्हाचा दाणा आक्रसला, आणि 13 मे रोजी केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.