डिपॉझिटबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर (मुलांच्या रूम व मेस, विश्रामबाग, सांगली)

नमस्कार बाळा,

तुझा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. "महिनाभरही राहिलो नाही तरी डिपॉझिटचे २२०० रुपये कापले, सकाळी गरम पाणी नाही, मेसला रोज तीच भाजी, बाहेरगावच्या मुलांना लुबाडतात, कुणी जाऊ नका." आमच्याकडे तुझी गैरसोय झाली असेल तर मनापासून सॉरी. पाणी आणि भाजीचं खाली लिहिते. पण लुबाडलं हे चारचौघांत लिहिलंस, म्हणून डिपॉझिटचा हिशोबही चारचौघांतच मांडते.

आमच्याकडे कॉट बेसिसवर महिन्याला २२०० भाडं आणि दोन महिन्यांचं, म्हणजे ४४०० डिपॉझिट. सोडायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं, नाहीतर एका महिन्याचं भाडं कापून बाकीचे परत. हे भाडेकराराच्या कागदावर आहे, त्याखाली तुझी आणि तुझ्या वडिलांची सही आहे. तू गुरुवारी संध्याकाळी सांगितलंस आणि शनिवारी सकाळी सामान हललं. उरलेले २२०० त्याच दिवशी दुपारी वडिलांच्या नंबरवर फोन पे केले. रंगाचे, साफसफाईचे म्हणून एक रुपया धरला नाही. बरीच ठिकाणं धरतात.

आता एक महिना कशासाठी, ते समजून घे. सांगलीत खोल्या भरतात त्या ॲडमिशनच्या हंगामात. कॅप राउंड म्हणजे ॲडमिशनच्या फेऱ्या संपल्या, कॉलेजं सुरू झाली, गणपती बसले की जो तो आपापल्या जागी स्थिरावतो. त्यानंतर रिकामी झालेली कॉट पुढच्या जूनपर्यंत तशीच राहते. तुझी कॉट आजही रिकामी आहे. म्हणजे एका महिन्याचे पैसे मिळाले, बाकी वर्षाचे बुडाले. वरचा मजला आम्ही बँकेचं कर्ज काढून बांधलाय, हप्ता काही कॉट मोजून येत नाही.

पहिल्या राउंडला इथल्या कॉलेजात नाव लागलं म्हणून तुझ्या वडिलांनी फोनवरच कॉट धरली. बेटरमेंट ठेवलंय, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं कॉलेज लागलं तर तिकडे जाणार, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी सरळ म्हटलं असतं, आधी महिन्याच्या बोलीवर राहा, डिपॉझिट नंतर बघू. असे ठेवलेत मी मुलगे. तुझ्यासाठी धरलेल्या त्याच कॉटसाठी आटपाडीकडचा एक मुलगा आईला घेऊन आला होता. त्या बाईंनी गादी दाबून बघितली, नळ सोडून बघितला, खिडकीला जाळी आहे का ते बघितलं, आणि पर्समधून पैसे बाहेर काढले. मी त्यांना नाही म्हटलं, कारण तुझ्या वडिलांना शब्द दिला होता. पुण्याला सीट लागली याचा आनंद आम्हालाही झाला, ह्यांनी पेढे आणले ते तू खाल्लेस. पण निघताना तुझ्या वडिलांनी ह्यांना गेटवर सगळ्या पोरांसमोर जे सुनावलं, ते तू रिव्ह्यूत लिहिलं नाहीस.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी गाव पायाखालचं करतो म्हणून तू लवकर आलास. सांगली-मिरज बस चौकात कुठे थांबते, झेरॉक्स कुठे स्वस्त पडते, हे ह्यांनीच तुला गाडीवरून फिरवून दाखवलं. जत, आटपाडी, शिराळ्याकडून येणाऱ्या पोरांना सांगली मोठंच शहर वाटतं, पहिले आठ-दहा दिवस धड जेवत नाहीत. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या ओळखीच्या खोल्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा तिथली पोरं आमच्या हॉलमध्ये झोपली. त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं. लुबाडायचंच असतं तर तेव्हा घेतलं असतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्या पालकांना सांगते, खोली कुठेही घ्या पण भाडेकरार मागा. स्वाधार म्हणून सरकारची मुलांच्या राहण्या-जेवणाला मदत देणारी योजना आहे, तिच्या फॉर्मला तो लागतो, आणि कितीतरी मालक द्यायला तयार नसतात. आम्ही देतो. नोटीसचा नियम आधी विचारा, पुढच्या राउंडला जायचं मनात असेल तर स्पष्ट सांगा.

गरम पाणी सोलरचं आहे, पावसाळ्यात ढगाळ असलं की तापत नाही, म्हणून सकाळी ६ ते ८ गिझर चालू असतो. तू साडेनऊला उठायचास. तरी वेळ वाढवता येते का बघतो आहोत. भाजीचंही मेसच्या मावशींशी बोललेय, फरक पडेल.

परवापासून दोन पालकांनी फोनवर पहिलं हेच विचारलं, "डिपॉझिट परत देता ना?" एकाने तर तुझा रिव्ह्यूच वाचून दाखवला. तू स्टार एकच ठेव, पाणी-भाजीचंही राहू दे. पण अर्धं डिपॉझिट त्याच दिवशी परत मिळालं होतं एवढं त्यात लिही, आणि लुबाडतात हे काढ. तुझा टेबल फॅन इथेच राहिलाय. कुणी गावाकडचं येणार असेल तर त्यांच्याकडे देते, नाहीतर पुण्याचा पत्ता मला फोनवर कळव, इथे टाकू नकोस.

– काकू