बिबट्यासन आणि इतर प्रकार

मुलांना योगा शिकवायचा म्हणजे मुलांना गप्प बसवायचं, अशी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीतल्या समस्त आयांची ठाम समजूत आहे. सुट्टीत सकाळी सातला क्लबहाऊसच्या दारात पोरगं सोडताना जी ती "जरा शांत करा हो काकू याला" एवढंच म्हणते आणि परत जाऊन झोपते.

पतंजलींचं बरंय, ते 'स्थिरसुखमासनम्' म्हणून मोकळे झाले. अख्ख्या योगसूत्रांत आसनांवर सूत्रं तीन, आणि समोर सात वर्षांचं कार्टं बसलंय असं त्यात कुठेच धरलेलं दिसत नाही. आमच्या हॉलमध्ये स्थिर म्हणाल तर भिंतीवरचं घड्याळ, तेही सेल संपलाय म्हणून.

पोरांना आसन नको असतं, गोष्ट हवी असते. वृक्षासन म्हणलं की चेहरे पडतात, पण "पाच जण मिळून पंचवटी करा" म्हणलं की वड कोण होणार यावर मारामारी, कारण वड पाचच. उरलेल्यांना मी पर्वतासनात ओळीनं उभं करते, हात-पाय जमिनीला आणि कंबर वर, की खाली झाली सीतागुंफा, मग एकेकानं वाकून सरपटत आत जायचं आणि पलीकडे डोकं बाहेर काढताना भुजंगासन आपोआप होतं, फक्त तसं त्यांना सांगायचं नाही. तेवढ्यात एखादा वड शेजारच्या वडाला गुदगुल्या करतो आणि पंचवटी भुईसपाट.

सिंहासनाला मात्र जोरदार विरोध झाला. "काकू, नाशिकमध्ये सिंह कुठंय? आपल्याकडे बिबट्या येतो." मुद्दा बिनतोड होता, दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी कॉलनीतल्या सीसीटीव्हीत बिबट्या फिरताना दिसतो आणि तो व्हिडिओ आधी पोरंच बघतात. मग काय, वज्रासन, गुडघ्यांवर पंजे, जीभ पूर्ण बाहेर, डोळे वटारून डरकाळी, नाव बिबट्यासन. पण लगेच अर्धी पोरं वनखातं झाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांचा पिंजरा आला, एकानं मॅट फेकून जाळं टाकलं, एक जण नुसताच मोबाईल धरल्यासारखा हात करून "व्हायरल व्हायरल" ओरडत पळत होता. बी विंगमधला एक बारका तर पिंजऱ्यातून बाहेर यायलाच तयार नाही, म्हणे मला बेशुद्धीचं इंजेक्शन दिलंय. खरं सांगू का, इतकं मनापासून पडून राहणं मोठ्यांच्या बॅचमध्ये कुणाला जमत नाही.

भ्रामरीत श्वास सोडताना मधमाशीसारखा गुंजारव करायचा असतो. श्वास कुणी रोखायचा नाही एवढं मी बजावते, बाकी लांबण लावायची चढाओढ त्यांची ते सुरू करतात. त्या दिवशी आवाज असा काही घुमला की टाकी वाहून चालली समजून वॉचमन मोटर बंद करायला धावला.

रविवारची बॅच नऊला असते आणि तेच चुकतं. नाशिककर आईबाप पोरांना मिसळ खाऊ घालून परस्पर इथे आणून सोडतात. पोट रिकामं हवं असं ग्रुपवर टाकलं की खाली फक्त अंगठे उगवतात. रविवारी मी पवनमुक्तासन घेत नाही. बंद हॉल आहे शेवटी.

आणि शवासन! "अगदी मढ्यासारखं पडायचं" असं मी सांगते ना सांगते तोच मागून प्रश्न आला, "काकू, मग याला रामकुंडावर कधी न्यायचं?" दुसरीनं गणपतीच्या फोटोचं झेंडूचं फूल काढून पडलेल्या पोराच्या छातीवर ठेवलं, तिसरा कावळा होऊन आला. तेव्हापासून शवासनाचं नाव मी 'पुतळा झोपला' केलंय.

२१ जूनला योग दिवस. सरकारी कार्यक्रम पंचेचाळीस मिनिटांचा असतो, आमच्या कमिटीनं पोरांना दहा मिनिटं दिली आणि प्रमुख पाहुणे बोलावले. पाहुणे नारळ फोडून खुर्चीत बसले, शाल घेतली, हसून पोरांना विचारलं, "काय मग, काय काय येतं तुम्हाला?"

सगळ्यांनी एकदम जिभा काढल्या. बारक्यानं तर पाहुण्यांनाच पिंजऱ्यात घ्यायला दोन खुर्च्या ओढत आणल्या. चेअरमनकाकांनी माईक बंद केला. पुढच्या वर्षी चित्रकला स्पर्धा ठेवायची असं आता ठरतंय, आणि पोरं मला विचारतायत की विषय बिबट्याच आहे ना.