लसूण काळा पडला नाही, म्हणून अळंबी खायची?

मृगाच्या सरी पडल्या की तोच मेसेज फिरू लागतो: विषारी अळंबी भडक रंगाची असतात, त्यांना कीड लागत नाही, शिजताना टाकलेला लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतं, आणि चांगलं उकळलं की विष जातं. यंदा तो घरच्याच ग्रुपवर आला, म्हणून लिहिते आहे. यातली एकही गोष्ट भरवशाची नाही.

रंगाचं बघा. जगभरात अळंबीमुळे होणाऱ्या बहुतेक मृत्यूंमागे असतं ते मूळचं युरोपातलं डेथ कॅप, आणि ते फिकट हिरवट असतं, कधी जवळजवळ पांढरं. उलट तिथलंच भडक नारिंगी सीझर अळंबं लोक रोमन काळापासून आवडीने खातात.

कीड? गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात. त्यांना पचतं ते आपल्याला पचत नाही.

चांदी काळी पडते गंधकामुळे. ती उकडलेल्या अंड्यानेही पडते. लसणाचा रंगही विष ओळखत नाही.

उकळण्याचा सल्ला सर्वांत घातक. डेथ कॅपमधलं अमाटॉक्सिन हे विष उकळून, तळून, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. ‘रात्री खाल्लं, सकाळी ठणठणीत’ याला काही अर्थ नाही.

डोळ्यांनी ओळखता येतं, पण एका खुणेवर नाही. पावसात गवतावर उगवणारं क्लोरोफायलम हे विषारी अळंबं घ्या: पांढरी छत्री, मधोमध तपकिरी खवले, देठाला कडं. कोवळं असताना छत्रीखालचे पडदेही पांढरेच. हिरवट होतात ते पुढे. छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर वाटीखाली झाका, सकाळी हिरवट ठसा दिसेल. वारुळावरच्या, खाण्याजोग्या अळंब्याचा ठसा गुलाबीसर असतो. पण गुलाबी ठशाची विषारी अळंबीही आहेत, म्हणून बूडही बघायला हवं. वारुळावरच्याचा देठ मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो, डेथ कॅपच्या बुडाशी पिशवी असते. वरच्या वर खुडलंत, तर नेमकी हीच खूण मातीत राहते.

कुणाला खाल्ल्यावर त्रास झालाच, तर उलटी थांबायची वाट बघू नका. उरलेली अळंबी, शिजवलेलीसुद्धा, बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.