‘समोरची गाडी दिसावी म्हणून उजवीकडून चालवा’ : बायपासवरील सायकलस्वारांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांचा प्रतिवाद

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सध्या वरचेवर फिरतो आहे. राऊहून देवासकडे जाणाऱ्या बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर सायकल कशी चालवावी, हे त्यात सांगितले आहे. सायकल उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालवावी. डांबराचा अगदी काठ धरून राहावे. अशा रस्त्यावर हेल्मेटचा उपयोग नसल्याने त्यावर पैसे घालवू नयेत. पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा तीच वेळ सर्वांत निर्धोक. आणि अंगात भडक जाकीट असले की दिव्याची गरज उरत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, आणि वरवर पाहता यांतला एकही सल्ला वेडगळ वाटत नाही. अडचण अशी की हे पाचही सल्ले सायकलस्वाराला काय दिसते आणि काय वाटते, एवढ्यावरच बेतलेले आहेत. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या गाडीची धडक टळायची असेल, तर ती चालवणाऱ्याला आपण किती आधी दिसतो आणि त्याच्या हाती किती सेकंद उरतात, हा खरा प्रश्न आहे.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. गाडीचा वेग ताशी ८० आणि सायकलचा २० किलोमीटर धरू. दोघे एकाच दिशेने जात असतील, तर त्यांच्यातील अंतर ताशी ६० किलोमीटरने कमी होते आणि १०० मीटरवर सायकल दिसलेल्या चालकाला सुमारे ६ सेकंद मिळतात. सायकल उलट दिशेने येत असेल, तर हाच सापेक्ष वेग १०० होतो आणि हाती साडेतीन सेकंदांहून थोडेच अधिक उरतात. धडक झालीच, तर तिची तीव्रता सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे या उदाहरणात ती सुमारे पावणेतीन पट होते. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की पाठीमागून येणाऱ्या चालकाला ओव्हरटेक करायला जागा नसेल, तर तो वेग कमी करून काही क्षण सायकलच्या मागे राहू शकतो. समोरासमोर आल्यावर ती सोय नाही; कोणीतरी बाजूला सरकलेच पाहिजे, आणि सरकण्यासाठी सायकलस्वाराला उरतो तो एक तर मुरूम, नाही तर भरधाव वाहतूक.

या सल्ल्याचे मूळ पादचाऱ्यांच्या नियमात असावे. जिथे पदपथ नाही, तिथे पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, हे बरोबरच आहे. कारण त्याच्या ताशी ५ किलोमीटरने सापेक्ष वेगात नगण्य फरक पडतो आणि एका पावलात तो रस्त्याबाहेर जाऊ शकतो. सायकल असे आडवे पाऊल टाकत नाही.

बायपासलगतच्या मॅरेज गार्डन, ढाबे आणि वसाहतींच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचाही विचार करावा. डावीकडे वळून रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहतूक तिकडूनच येणार असते. रॉंग साइडने येणारा सायकलस्वार नेमका त्याच्या डावीकडून, न पाहिलेल्या बाजूने येतो. ‘मला तो दिसत होता’ हे सायकलस्वाराचे म्हणणे खरे असते, पण त्या चालकाची मान तिकडे वळलेलीच नसते.

मागचे दिसत नाही ही भीती मात्र रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आरशाचा आहे. हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा छोटा आरसा बहुतेक सायकल दुकानांत मिळतो. त्याच्या जोडीला उजव्या खांद्यावरून मागे पाहण्याचा सराव आधी रिकाम्या मैदानावर करावा, कारण नवख्या माणसाची मान वळते त्या बाजूला हँडलही वळते आणि सायकल नकळत रस्त्याच्या मध्याकडे ओढली जाते.

दुसरा सल्ला काठ धरून राहण्याचा. इथे आधी भेद केला पाहिजे : पांढऱ्या पट्टीबाहेर पक्का, रुंद शोल्डर असेल, तर सायकल तिथेच चालवावी, आणि चांगल्या स्थितीतील सर्व्हिस रोड असेल तर त्याहून उत्तम. संदेश मात्र डांबराच्या शेवटच्या वीतभर पट्टीबद्दल बोलतो. त्या पट्टीवर वाहनांच्या वाऱ्याने लोटलेली वाळू, खडी आणि काचा साचतात. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधील बारीक पोलादी तारा तिथेच पडतात आणि सायकलच्या टायरमध्ये सुईसारख्या शिरतात. त्याहून वाईट म्हणजे डांबर आणि मुरूम यांमधली पायरी. पुढचे चाक तिच्याखाली उतरले की माणूस घाईने हँडल उजवीकडे वळवून वर चढायला पाहतो, चाक पायरीला घासत राहते, वर चढत नाही, आणि सायकलस्वार उजवीकडे म्हणजे थेट रहदारीत पडतो. चाक उतरलेच, तर उतरू द्यावे, मुरुमावर सरळ जात थांबावे आणि सायकल उचलून पुन्हा रस्त्यावर घ्यावी.

काठाला चिकटल्याने मागच्या चालकाचा असाही समज होतो की त्याच लेनमधून घासून पुढे जायला जागा आहे. सायकलशेजारून जाताना किती अंतर ठेवावे, हे जर्मनीने २०२० पासून नियमातच घातले आहे : वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर. आपल्याकडे ते अंतर बऱ्याच अंशी सायकलस्वाराने आपल्या जागेवरून मिळवावे लागते. शोल्डर नसेल तिथे काठापासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावे आणि उभ्या ट्रकांच्या मधल्या मोकळ्या जागांत आत-बाहेर करू नये. अवजड वाहन शेजारून जाताना त्याचा वारा आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. तेव्हा डावीकडे राखलेला तो पाऊण मीटर कामी येतो.

याच्या उलट टोकाला जाऊन ‘लेनच्या मधोमध चालवा’ म्हणणारेही आहेत. राजवाड्याजवळच्या अरुंद, संथ रस्त्यांवर ते योग्य ठरते. बायपासवर मी ते मान्य करणार नाही. ताशी ८० च्या वेगात प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरला तर ३३ मीटर त्यातच जातात, आणि कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला एकूण सुमारे ७० मीटर लागतात. पुढच्या ट्रकच्या आडून अचानक सायकल दिसली, तर तेवढे अंतर कोणाकडेच नसते.

मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडकडे डावीकडे फुटणारा मार्ग ही खरी कसोटीची जागा आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. सरळ जाणारा सायकलस्वार आणि वेग न घटवता डावीकडे निघणारी गाडी यांच्या वाटा तिथे एकमेकींना छेदतात. तिथे तिरक्या रेषेत रेंगाळू नये. फाट्याच्या अलीकडे थांबून मागे पाहावे, गाड्यांमध्ये मोठे अंतर पडले की तो मार्ग काटकोनात ओलांडावा आणि पुन्हा शोल्डर गाठावा. डावीकडे वळू पाहणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाने तर कधीच पुढे घुसू नये. आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नसतो.

हेल्मेटबद्दलच्या विधानात अर्धे सत्य आहे. युरोपातील ईएन १०७८ या मानकानुसार सायकलचे हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने, कठीण पृष्ठभागावर आदळून तपासले जाते. ८० च्या वेगाने आलेल्या ट्रकची धडक पेलण्यासाठी ते बनवलेलेच नाही. परंतु डोके रस्त्यावर आपटण्याचा वेग बहुधा पडण्याच्या उंचीवर ठरतो, गाडीच्या वेगावर नव्हे. आणि घसरून, खड्ड्यात जाऊन किंवा नुसता धक्का लागून पडण्याच्या घटना याच प्रकारच्या असतात. २०१६ मध्ये ४० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेल्मेटधारकांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि प्राणघातक इजेची ६५ टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेट घालणारा मुळातच अधिक सावध असतो, हा आक्षेप लक्षात घेऊन यातून काही वजा केले, तरी उरते ते थोडे नाही. मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती सायकलला लागू नाही, म्हणजे दंड होत नाही, इतकेच.

पहाटेच्या सल्ल्यात मोकळा रस्ता आणि निर्धोक रस्ता यांची गल्लत झाली आहे. रस्ता मोकळा झाला की वेग वाढतो, आणि २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद केंद्र सरकारच्या अहवालात अतिवेगाखाली आहे. रात्री दोनपासून पहाटे सहापर्यंत माणसाच्या शरीरात झोपेचा जोर सर्वाधिक असतो, आणि मुंबईकडून रात्रभर चाललेले ट्रक व बस याच सुमारास इंदूर ओलांडत असतात. उन्हाळ्यात देवासच्या दिशेने निघालात, तर उगवता सूर्य बऱ्याच ठिकाणी समोरून येतो. तो आपल्याला सुंदर दिसत असताना मागच्या चालकाच्या डोळ्यांतही जात असतो. स्वच्छ उजाडल्यावर, सूर्य थोडा वर आल्यावर निघावे. महूच्या पोह्यांना अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.

राहिले जाकीट. फ्लोरोसंट पोपटी किंवा नारिंगी रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे चमकतो; अंधारात हेडलाइटपुढे तो इतर कपड्यांहून फारसा उजवा ठरत नाही. रात्री उपयोगी पडतो तो प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणारा रिफ्लेक्टर, आणि तो पाठीपेक्षा घोट्यावर बांधावा, कारण वरखाली होणाऱ्या दोन पट्ट्या पाहून हा सायकल मारणारा माणूस आहे हे चालकाच्या चटकन लक्षात येते. पण रिफ्लेक्टरलाही हेडलाइटचा झोत मिळावा लागतो. दिवा स्वतःहून दिसतो. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे चार हजार सायकलस्वारांवर केलेल्या प्रयोगात दिवसाही दिवे लावून फिरणाऱ्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी झाले. मागचा लाल दिवा जमिनीकडे झुकलेला नको, मागून येणाऱ्या गाडीच्या दिशेने सरळ हवा. आपण सीटवर बसल्यावर जाकिटाची मागची कड किंवा सीटखालची पिशवी त्याच्या आड येते का, हे निघण्याआधी घरातल्या कोणाला तरी पन्नास पावले मागे उभे करून तपासून घ्यावे.